खासगी कामगाराच्या पेन्शनला धनी कोण?

पगारपत्रकावर पेन्शनचा रकाना नसतो. कामगाराच्या पगारातून कापलेले पीएफचे १२ टक्के दिसतात, मालकाचे १२ टक्के सीटीसीच्या, म्हणजे कंपनीला कामगारामागे पडणाऱ्या एकूण खर्चाच्या, कागदावर दिसतात. पण मालकाच्या या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पीएफमध्ये जातच नाहीत, हे अनेकांना पहिल्यांदा पासबुक उघडल्यावर कळते. पेन्शन योजनेत असलेल्याचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० किंवा त्याहून जास्त असेल, तर दर महिन्याला पेन्शनच्या रकान्यात १,२५० रुपये दिसतात. पगार वाढला तरी आकडा तोच, आणि त्यावर व्याज चढत नाही. ‘माझ्या पेन्शन खात्यात किती जमले?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण तसे खातेच नसते. पैसे एका सामाईक निधीत जातात आणि त्याच्या बदल्यात कामगाराला एक सूत्र मिळते: पेन्शनपात्र पगार गुणिले पेन्शनपात्र सेवेची वर्षे, भागिले ७०.

ही कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजे ईपीएस-९५. ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाली. वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यांना, कंपन्यांना, सहकारी संस्थांना ती बंधनकारक आहे. महाराष्ट्रात साखर कारखाने, सूतगिरण्या, दूध संघ, सहकारी बँका, एसटी महामंडळ, वीज मंडळ अशा कितीतरी ठिकाणचे निवृत्त लोक याच योजनेवर आहेत. देशभरात तिचे ७८ लाखांच्या आसपास पेन्शनर आहेत. सूत्राने पेन्शन ठरवून देणारी, म्हणजे जुन्या पद्धतीची पेन्शन खासगी नोकरदाराला आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर मिळते ती फक्त इथे.

मग हिचा प्रायोजक कोण? पेन्शनच्या व्यवहारात प्रायोजक म्हणजे निधीत तूट आली तर ती भरून द्यायला बांधलेला माणूस, कंपनी किंवा सरकार. मराठीत त्याला धनी म्हणावे. ईपीएस-९५ मध्ये वर्गणी भरणारे आहेत, ती गोळा करणारे आहेत, पेन्शन वाटणारे आहेत. पण तुटीला धनी नाही. म्हणून तूट शेवटी पेन्शनरच्या ताटातून निघते. हे कायद्यात दुरुस्त व्हायला हवे असे माझे मत आहे, आणि ते ‘पेन्शन किती वाढवायची’ या नेहमीच्या वादाच्या आधी व्हायला हवे.

धनी असला की काय होते आणि नसला की काय होते, हे अमेरिकेने फार पूर्वी पाहिले. तिथे अशी पेन्शन प्रामुख्याने मालक कंपनी पुरस्कृत करते. सूत्र कंपनी जाहीर करते, निधी वेगळ्या विश्वस्तनिधीत ठेवते, आणि विमागणिती, म्हणजे आयुर्मान आणि जोखमीचा हिशेब करणारा तज्ज्ञ, दरवर्षी सांगतो की यंदा किती भरावे लागेल. शेअर बाजार पडला, लोक जास्त जगले, व्याजदर उतरले, तरी वाढीव रक्कम कंपनीनेच भरायची. बांधकाम, मालवाहतूक अशा धंद्यांत, जिथे कामगार वर्षाला चार मालक बदलतो, तिथे अनेक मालक आणि संघटना मिळून एक योजना चालवतात. तिचे विश्वस्त मंडळ दोन्ही बाजूंच्या समान प्रतिनिधींचे असते आणि कायद्याच्या व्याख्येनुसार ते मंडळच प्रायोजक असते.

पण १९७४ पर्यंत तिथेही एक मोठे भोक होते. स्टुडबेकर या मोटार कंपनीने डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंड इथला कारखाना बंद केला. पेन्शन निधी पुरेसा नव्हता आणि कंपनी उरलेली रक्कम भरायला कायद्याने बांधलेली नव्हती. आधीच निवृत्त झालेल्यांना आणि साठी गाठलेल्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या चार हजारांवर कामगारांना हक्काच्या रकमेच्या सुमारे १५ टक्के मिळाले. चाळिशीच्या आतल्यांना काहीच नाही. हे प्रकरण वर्षानुवर्षे गाजले आणि २ सप्टेंबर १९७४ रोजी एरिसा हा कायदा झाला. त्याने निधी किती भरलेला असावा याचे किमान प्रमाण ठरवले, सेवा किती झाली की हक्क पक्का होतो हे ठरवले, आणि पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ उभे केले. कंपन्या दर माणशी हप्ता भरतात, आणि कंपनी बुडाली तर ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन हे महामंडळ देते.

या व्यवस्थेचा दुसरा चेहराही सांगायला हवा. ज्याच्यावर जोखीम असते त्याला ती टाकून द्यायची घाईही असते. अमेरिकेत कंपन्यांनी गेल्या चार दशकांत जुन्या पेन्शन योजना गोठवल्या आणि कामगारांना ४०१(के) या बचत खात्यांकडे वळवले. आज तिथल्या खासगी कामगारांपैकी साधारण सातातल्या एकालाच जुनी पेन्शन उपलब्ध आहे. अनेक मालकांच्या संयुक्त योजनांपैकी काही इतक्या खचल्या की डिसेंबर २०२२ मध्ये मालवाहू चालकांच्या सेंट्रल स्टेट्स निधीला केंद्र सरकारने सुमारे ३६ अब्ज डॉलर दिले. पण तिथे प्रत्येक टप्प्यावर ‘तूट कोणाची’ याचे उत्तर कुठेतरी लिहिलेले होते: आधी मालक, मग हमी महामंडळ, आणि तेही पुरेना तेव्हा संसदेने कायदा करून उघडपणे घेतलेला भार.

आता आपल्याकडे या. ईपीएस-९५ मध्ये निधीत दोघेच भरतात. मालक ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाला एका महिन्याचा पगार. केंद्र सरकार १.१६ टक्के. दोन्ही आकडे १५,००० च्या मर्यादेपर्यंतच. म्हणजे सरकारचा वाटा माणशी जास्तीत जास्त १७४ रुपये. हा १.१६ चा आकडा कुठून आला ते पाहण्यासारखे आहे. १९७१ मध्ये कुटुंब पेन्शन योजना सुरू झाली तेव्हा कामगार, मालक आणि सरकार तिघेही प्रत्येकी १.१६ टक्के भरत होते. १९९५ मध्ये ती योजना आणि तिचा सगळा पैसा नव्या योजनेत विलीन झाला. मालकाचा वाटा सातपट झाला. सरकारचा दर १९७१ मध्ये होता तिथेच आहे. कुटुंब पेन्शन फक्त मृत्यूनंतर विधवेला आणि मुलांना मिळायची. आता त्याच दराने सरकार निवृत्तीनंतरच्या आयुष्यभराच्या पेन्शनमध्ये भागीदार आहे.

सरकार या योजनेचे वर्णन संसदेतल्या उत्तरांत ‘डिफाइंड कॉन्ट्रिब्यूशन, डिफाइंड बेनिफिट’, म्हणजे ठरलेली वर्गणी आणि ठरलेला लाभ, असे करते. हे शब्द नीट वाचले तर सगळी अडचण त्यांत सापडते. जुन्या पद्धतीच्या पेन्शनमध्ये मिळणारी रक्कम ठरलेली असते, म्हणून भरायची रक्कम गरजेप्रमाणे हलते आणि ती हलवण्याची जबाबदारी धन्याची असते. बचतीच्या योजनेत भरायची रक्कम ठरलेली असते, म्हणून मिळणारी रक्कम हलते आणि जोखीम कामगाराची असते. इथे दोन्ही बाजू ठरवून टाकल्या आहेत. पण व्याजदर, आयुर्मान आणि पगारवाढ कोणी ठरवून टाकलेली नाही. हिशेब जुळेनासा झाला की हलवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे नियम.

आणि नियम हलवले गेले. योजनेचा परिच्छेद ३२ सांगतो की केंद्र सरकारने नेमलेल्या मूल्यांककाकडून निधीचे दरवर्षी मूल्यांकन व्हावे, आणि निधीला झेपत असेल तेव्हा सरकार वर्गणीचा दर किंवा लाभाचे प्रमाण बदलू शकेल. सुरुवातीच्या काही वर्षांत मूल्यांकनानंतर पेन्शनमध्ये थोडीथोडी वाढ दिली गेली, मग ती थांबली. २००८ मध्ये पेन्शनचा तिसरा हिस्सा विकून एकरकमी पैसे घेण्याची सोय गेली, आणि थोडी कमी पेन्शन घेऊन मुद्दल वारसांना परत मिळण्याचा पर्यायही गेला. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन घेणाऱ्यांची कपात दर वर्षामागे ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेली गेली. ही कपात कायमची असते. कारखाना चोपन्नाव्या वर्षी बंद पडला म्हणून ज्याने पेन्शन सुरू केली, त्याला अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावरही ती कमीच मिळत राहते.

सगळ्यात मोठा बदल १ सप्टेंबर २०१४ चा. त्या दिवशी पगाराची मर्यादा ६,५०० वरून १५,००० झाली आणि किमान पेन्शन १,००० झाली, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. त्याच दिवशी आणखी तीन गोष्टी लागू झाल्या. पेन्शनपात्र पगार आधी शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरीवर काढत, तो ६० महिन्यांच्या सरासरीवर गेला. नव्याने नोकरीला लागणाऱ्याचा पगार १५,००० च्या वर असेल तर त्याला पेन्शन योजनेचे सदस्यत्वच बंद झाले. आणि पेन्शन दोन तुकड्यांत मोजायची असे ठरले: २०१४ पूर्वीची सेवा ६,५०० च्या मर्यादेने, नंतरची १५,००० च्या मर्यादेने.

हा शेवटचा नियम आकड्यांत मांडू. १ सप्टेंबर १९९६ ला लागलेला, ३१ ऑगस्ट २०२४ ला अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला कामगार घ्या, ज्याचा पगार सतत मर्यादेइतका किंवा वर होता. पहिली १८ वर्षे: ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे १,६७१ रुपये. पुढची १० वर्षे: १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे २,१४३ रुपये. एकूण ३,८१४. वीस वर्षांवर सेवा झाल्याबद्दल मिळणारी दोन वर्षांची भर धरली तरी ४,२५० च्या आत. अठ्ठावीस वर्षे एकही महिना न चुकता वर्गणी गेलेल्या, योजनेच्या दृष्टीने सगळ्यात वरच्या पगाराच्या माणसाची ही पेन्शन आहे. ती महागाईशी जोडलेली नाही, म्हणजे तो ऐंशीचा होईल तेव्हाही आकडा हाच असेल.

१९९५ च्या आधीची सेवा असलेल्यांचे हाल आणखी वेगळे. त्यांच्या जुन्या सेवेला सूत्र लागत नाही. ११ वर्षांपर्यंतच्या सेवेला महिना ८० ते ८५ रुपये, २० वर्षांवरच्या सेवेला १५० ते १७० रुपये असे ठोक आकडे आहेत, आणि त्यांना योजनेतल्या तक्त्यातला गुणक लावायचा. मुंबईतल्या गिरणीत किंवा एखाद्या जुन्या साखर कारखान्यात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाची पेन्शन हजाराच्या आसपास का अडकते, याचे उत्तर इथे आहे.

या योजनेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक हिशेब प्रामाणिकपणे दोन्ही अंगांनी मांडला पाहिजे. आज पंचविशीतला कामगार धरा, मर्यादा १५,००० वरच राहिली असे समजा, आणि तेहतीस वर्षे दरमहा १,२५० जात राहिले. मुद्दल ४ लाख ९५ हजार. आठ टक्के व्याजाने हा पैसा अठ्ठावन्नाव्या वर्षी सुमारे २४ लाख होतो. दोन वर्षांची भर धरून त्याला पेन्शन मिळते ७,५००. म्हणजे जमलेल्या रकमेवर वर्षाला पावणेचार टक्केसुद्धा नाही, आणि मुद्दल परत नाही. तेच २४ लाख सहा टक्क्यांनी ठेवले तर महिना १२,००० व्याज येते आणि मुद्दल शाबूत राहते. हे ऐकून पेन्शनर संघटनांच्या सभांत लोक चिडतात आणि त्यांचे चिडणे रास्त आहे. पण हा फरक कोणी खिशात घातलेला नाही. याच निधीतून, जेमतेम महिनाभराची वर्गणी भरलेला तरुण कामावर असताना वारला तरी त्याच्या पत्नीला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत पेन्शन मिळते आणि दोन मुलांना पंचवीस वर्षे वयापर्यंत. अपंगत्व आलेल्याला मिळते. १९७१ पासूनच्या जुन्या सेवेचा भारही याच निधीने उचलला, त्या काळात जेमतेम वर्गणी आलेली असताना. बचत खात्यात हे काहीच होत नाही. ईपीएस-९५ मोडून प्रत्येकाला आपापले पैसे द्या, असे म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

आणखी एक गुण अमेरिकेच्या तुलनेत ठळक दिसतो. तिथे पेन्शन बहुधा एका मालकाशी बांधलेली असते. नोकरी बदलली की सेवा तुटते. इथे चाकणला सहा वर्षे, नाशिकला तीन आणि रांजणगावला चार अशी सेवा जोडून तेरा होते. मालक बुडाला तरी निधी बुडत नाही. ही रचना चांगली आहे. तिच्यात उणीव आहे ती एका वाक्याची: तूट कोणाची?

हे वाक्य नसल्याने काय होते, याचा सगळ्यात स्वच्छ नमुना वाढीव पेन्शनच्या प्रकरणात मिळतो. १९९६ च्या दुरुस्तीने कामगार आणि मालकाने मिळून पर्याय दिला तर पूर्ण पगारावर ८.३३ टक्के पेन्शन निधीत भरता येत होते. २०१४ मध्ये सरकारने सांगितले की पर्याय चालू ठेवायचा असेल तर १५,००० वरच्या पगारावरचे १.१६ टक्के कामगाराने स्वतः भरावेत, कारण सरकार आपला वाटा मर्यादेपर्यंतच देते. ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ ची दुरुस्ती बहुतांशी वैध ठरवली, पण ही अट रद्द केली; मूळ कायद्यात कामगाराने पेन्शन निधीत वर्गणी भरण्याची तरतूदच नाही. मग ३ मे २०२३ ला अधिसूचना निघाली की हे १.१६ टक्के मालकाच्या १२ टक्क्यांतूनच घ्यावेत. म्हणजे पेन्शनकडे ८.३३ ऐवजी ९.४९ टक्के, आणि कामगाराच्या पीएफ खात्यात तेवढे कमी. आधी सरकारकडे बोट, मग कामगाराकडे, मग मालकाकडे, आणि शेवटी रक्कम निघाली कामगाराच्याच पीएफच्या पुंजीतून. १.१६ टक्क्यांसारखा लहान आकडाही कोणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरायला नऊ वर्षे आणि सर्वोच्च न्यायालय लागले.

सरकारची भूमिका अशी: ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनात निधीत तूट दिसली आहे, त्यामुळे किमान पेन्शन वाढवणे किंवा ती महागाईशी जोडणे निधीला झेपणार नाही. हा युक्तिवाद हसण्यावारी नेऊ नये. तूट खरी आहे, आणि ती वाढवून ठेवणे म्हणजे आजच्या पंचविशीतल्या कामगाराच्या पेन्शनवर हात घालणे. पण धनी असलेल्या योजनेत तुटीचा आकडा आला की पुढचा प्रश्न असतो, ती कधीपर्यंत आणि कशी भरणार. आपल्याकडे तूट हेच उत्तर होऊन बसले आहे. राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखाली २०१३ मध्ये किमान पेन्शन ३,००० करण्याची शिफारस केली होती. अध्यक्ष पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, त्यांचा कार्यकाळही संपला. किमान आकडा १,००० वरच आहे. दरम्यान केंद्रीय महागाई भत्त्याच्या मापाने २०१४ च्या हजाराची बरोबरी करायलाच दीडपटीहून जास्त रक्कम लागते. बुलढाण्यात डिसेंबर २०१८ पासून पेन्शनरांनी साखळी उपोषण मांडले, ते याच आकड्यासाठी. त्यांची मागणी ७,५०० आणि महागाई भत्ता.

सरकारला धनी होणे परके आहे असेही नाही. अटल पेन्शन योजनेत १,००० ते ५,००० ची हमी आहे, आणि गुंतवणुकीवर अपेक्षेपेक्षा कमी परतावा आला तर फरक केंद्र सरकार भरेल असे योजनेतच लिहिले आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत पेन्शन योजना आली; तिच्यात दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये पेन्शनची हमी आहे, वर महागाईचा दिलासा, आणि त्यासाठी सरकार पगाराच्या १८.५ टक्के भरते. ईपीएस-९५ मध्येही पात्रता दहा वर्षांचीच. दहा वर्षे काम केलेल्या दोन माणसांच्या म्हातारपणात दहा हजार आणि एक हजार एवढे अंतर असावे, हे मला मान्य करता येत नाही. ईपीएसच्या एक हजारासाठीसुद्धा सरकार अर्थसंकल्पातून भर घालतेच. म्हणजे धनीपणा अर्धा स्वीकारलेला आहे, फक्त तो कृपा म्हणून आहे, कर्तव्य म्हणून लिहिलेला नाही.

यावर एक आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. करदात्यांचा पैसा शेवटी शेतमजुराचा, हातगाडीवाल्याचाही असतो. डिझेलवरचा कर तोही भरतो आणि त्याला कसलीच पेन्शन नाही. मग संघटित कामगाराच्या तुटीला त्याने का हातभार लावावा? उत्तर असे की संपूर्ण भार तिजोरीवर टाकायची गरजच नाही. पगाराची मर्यादा २०१४ पासून गोठलेली आहे. ती २५,००० केली तर मालकाची वर्गणी १,२५० वरून २,०८३ होते आणि सरकारची १७४ वरून २९०. शिवाय २०१४ च्या नियमाने पंधरा हजारांवरच्या पगाराचे नवे तरुण योजनेबाहेर ठेवले; चाकणच्या कारखान्यात कायम झालेला मुलगा अनेकदा पहिल्याच दिवशी या मर्यादेच्या वर असतो. नवे, दीर्घकाळ वर्गणी देणारे सदस्य बंद करायचे आणि मग निधी आटतो म्हणायचे, हे बरोबर नाही. मर्यादा दरवर्षी सरासरी वेतनाप्रमाणे हलावी. दहा-दहा वर्षे थांबून एकदम उडी मारली की जुन्या सेवेचा भार एका रात्रीत वाढतो, आणि मग तो टाळायला दोन तुकड्यांचा नियम आणावा लागतो. मालक म्हणतील खर्च वाढेल. वाढेलच. पण बहुतेक कंपन्या हा हिस्सा सीटीसीत धरतात, म्हणजे तो कामगाराच्या मोबदल्यातूनच जातो. त्याबद्दल त्याला निदान खरी पेन्शन मिळू द्या.

तिजोरीचा वाटा मग दोनच ठिकाणी उरतो: किमान पेन्शन, आणि लहान पेन्शनवरचा महागाईचा दिलासा. ५,००० पर्यंतच्या पेन्शनला पूर्ण दिलासा, वर क्रमाने कमी, असे केले तर पैसा जिथे औषधाचे बिल भागत नाही तिथेच जाईल.

मालकाने वर्गणीच भरली नाही तर? महाराष्ट्रात हा प्रश्न आजारी साखर कारखान्यांत आणि बंद सूतगिरण्यांत वारंवार उभा राहतो. योजनेत पेन्शनपात्र सेवेची व्याख्या आहे: जिच्यासाठी वर्गणी आलेली आहे ‘किंवा येणे आहे’ ती सेवा. म्हणजे मालकाने थकवले तरी सेवा मोजलीच पाहिजे. जुन्या पीएफ कायद्यात वसुली फंडाच्या ऑफिसने कलम ७-ए खाली चौकशी करून, वर १२ टक्के व्याज लावून करायची होती. प्रत्यक्षात संगणकावर वर्गणी दिसत नाही म्हणून ती वर्षे गळतात आणि सत्तरीच्या माणसाला जुनी हजेरीपत्रके शोधायला सांगितले जाते. हंगामी कामगारांचेही तसेच. साखर कारखान्याचा हंगाम चार-पाच महिन्यांचा. योजनेनुसार हंगामी आस्थापनेतली वर्षातली अपुरी सेवा पूर्ण वर्ष धरायची असते. कारखान्याचा क्लार्क उरलेले महिने बिनवर्गणीचे दिवस म्हणून भरतो, आणि वीस हंगामांची सेवा कागदावर आठ-नऊ वर्षांची होऊन पात्रतेच्याच खाली जाते. पेन्शनचा दहा-डी फॉर्म भरण्याआधी हे रकाने तपासा. सेवा साडेनऊ वर्षांच्या पुढे असेल तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरून दहा होतात. दहा-सी भरून पैसे काढून घेऊ नका. सेवा कमी असेल आणि पुढे नोकरी मिळण्याची शक्यता असेल तर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट घ्या, म्हणजे जुनी वर्षे जिवंत राहतात.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये जुना पीएफ कायदा विलीन झाला आहे आणि तिच्या आधाराने पेन्शन योजना नव्याने लिहावी लागणार आहे. परिच्छेद ३२ च्या जागी काय यावे ते आत्ताच मागायला हवे. मूल्यांकन दरवर्षी, वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, आणि त्याचा पूर्ण अहवाल त्यातल्या गृहीतकांसह संसदेच्या पटलावर. तूट आढळल्यास ती भरून काढण्याचे दहा वर्षांचे वेळापत्रक त्याच अधिवेशनात. सुरू झालेल्या पेन्शनचा आणि झालेल्या सेवेचा हक्क कोणत्याही दुरुस्तीने कमी करता येणार नाही; बदल फक्त पुढच्या सेवेला लागू. मालकाची थकबाकी वसूल होवो न होवो, सेवा पूर्ण मोजली जाईल. आणि या सगळ्याच्या वर एक वाक्य, अटल पेन्शन योजनेत आहे तसेच साधे: निधी अपुरा पडल्यास या योजनेखालील पेन्शन केंद्र सरकार देईल.